कलईवाल्याचा उजवा हात

"तोंड माझं हाय, दाढी भाड्याची हाय, आन् हात निजामचाचाचे. बाकी आत नुसता पेंढा!"

शाळेची सहल आली की संग्रहालयाचा पहारेकरी रामलिंग, कलईवाल्याच्या पुतळ्यापुढं उभा राहून हे वाक्य टाकायचा. पोरं एकदा पुतळ्याकडं बघायची, एकदा रामलिंगकडं, आणि हसत सुटायची. खरंच तेच नाक, तेच पुढं आलेले दात, फक्त पंचवीस वर्षांनी तरुण. पोरांच्या मागं, दोरीच्या कडेला, एक बाई उभी असायची. ती हसायची नाही. तिचे डोळे पुतळ्याच्या उजव्या हातावर असायचे. ही शकिला. निजामचाचांची लेक.

निलंग्यातल्या या संग्रहालयात दोनच दालनं. डावीकडचं मोठं, कायमचं. तिथं वीरगळ, निजामाच्या राज्यातली नाणी, गंजलेल्या तलवारी, आणि भिंतीच्या कडेनं गावच्या कारागिरांचे पुतळे. उजवीकडची खोली तात्पुरत्या प्रदर्शनांची. तिथं कधी रांगोळ्या, कधी जुने कॅमेरे, कधी नुसतंच कुलूप.

निजामोद्दीन कलई करायचे. आता कलई म्हणजे काय हे सांगावं लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, भात्यानं फुलवायची, भांडं तापलं की नवसागराची चिमूट सोडायची. पांढरा धूर उठतो. त्या धुरातच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं आतून एक फेर मारायचा. काळं भांडं चांदीसारखं! पण त्याआधी ते घासून निघालं पाहिजे. वाळू, चिंच आणि नवसागराचं पाणी. घासायचं काम शकिलाचं, सात वर्षांची असल्यापासून.

"माझ्या लेकीनं घासलेल्या भांड्यावर माशी बसत न्हाई, घसरती," निजामचाचा गिऱ्हाइकाला सांगायचे.

अठ्ठ्याण्णव साली संग्रहालयात पुतळे करायचं ठरलं. नांदेडहून वीरभद्र नावाचा शिल्पकार आला. तो माणसाच्या अंगावरच प्लास्टरचा साचा काढायचा. कुंभार बसला, सुतार बसला. निजामचाचा बसेनात.

"सूरत न्हाई देणार."

"चाचा, अहो दुखत नाही. नुसता थंड लेप लावायचा."

"दुखायचं न्हाई हो. सूरत बनवणारा वर बसलाय. त्याच्या धंद्यात आपण कशाला पडायचं?"

"मग मी पुतळा कसा करू?"

चाचांनी दोन्ही हात पुढं केले. "हे घ्या. हे माझे मीच बनवलेत."

म्हणून हात चाचांचे आणि तोंड नुकत्याच नोकरीला लागलेल्या रामलिंगचं. दाढी नंतर चिकटवली. डाव्या हातात सांडशी, आणि उजवा बोळा धरल्यासारखा, बोटं अर्धी वळलेली. बोळा कधीच उंदरांनी नेला. तेव्हापासून तो हात कशावर तरी मिटता मिटता थांबल्यासारखा दिसायचा. साचा इतका बारीक निघाला होता की तळव्याच्या रेषा, नखांच्या कडा, सगळं उमटलं होतं. आणि अंगठ्याच्या बुडाशी चिंचोक्याएवढा एक डाग.

तो डाग शकिलाचा होता. ती चार वर्षांची असताना भट्टीकडं धावली. चाचांनी मधे हात घातला. जळता कोळसा तिच्या गालाला लागायचा तो त्यांच्या अंगठ्याला लागला. पुढं ती हट्ट करायला लागली की चाचा नुसता तो अंगठा दाखवायचे. बोलायचे नाहीत. पोरगी गप.

तिला मुदखेडला दिली. नवरा कामासाठी हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. बारा वर्षांनी ती आपल्या लेकीला, मनतशाला, घेऊन बापाच्या दारात आली, तेव्हा चाचांनी एकच विचारलं, "जेवलीस का?" स्टँडच्या रस्त्याला तिनं साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन टाकलं. घरोघरी स्टील आलं, कलई संपली. चाचा लग्नातल्या एखाद्या देगेपुरते, मोठ्या पातेल्यापुरते, उरले. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. दुकानदार वैतागायचा, "चाचा, हात धुऊन या." चाचा म्हणायचे, "बाबा, जास्तच धुतलेत."

फोटो त्यांनी काढूच दिला नाही. मनतशानं एकदा मोबाइल रोखला तर त्यांनी पंजा पुढं केला. फोटोत तेवढा पंजाच आला, तोही हललेला. आधार कार्डावर एक होता, पण त्यात डोळे मिटलेले, आणि ते कार्ड त्यांच्याच खिशातून लातूरला गेलं, एकवीसच्या एप्रिलमध्ये. दवाखान्याच्या दारात शकिलाला थांबवलं. आत कुणालाच सोडत नव्हते. चाचा फोनवर एकदा बोलले, धापा टाकत, "बेटा, जेवलीस का?" तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. चांगली माणसं होती ती, स्वतःहून दफनाचं काम करणारी. त्यांनी तिकडंच सगळं उरकलं. आठ दिवसांनी शकिला गेली तर मातीच्या ढिगांची रांग. कुठला कुणाचा, अल्ला जाणे.

हात हातात घेता आला नाही. तिचं सगळं दुःख या एका वाक्यात मावत होतं, आणि ते ती कुणाला सांगायची नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी ती दुकान बंद करून संग्रहालयात आली. रामलिंगनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि लांब जाऊन उभा राहिला. दोरीवर पाटी होती: वस्तूंना हात लावू नये. शकिलानं लावला नाही. त्या शुक्रवारी नाही, आणि त्यानंतर साडेतीन वर्षं एकाही शुक्रवारी नाही.

डिसेंबरात एका शुक्रवारी ती आली तर दारावर कागद होता.

"काय लिहिलंय, रामलिंगभाऊ?"

"वाचता येतंय की तुला."

"वाचलं. तुमच्या तोंडानं सांगा."

रामलिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं. "कायमचं दालन नवं करून राहिले. भिंतीवर मोठाले टीव्ही. बोट लावलं की कुंभार चाक फिरवतो म्हणे. पुतळे काढणार. सोमवारी समिती येणार, बघणार, आन्..."

"आन्?"

"फोडणार."

"द्या म्हणा मला. हातच द्या. बाकीचं फोडा."

"माझं तोंड फोडा म्हणतीस व्हय?" तो हसायला गेला, जमलं नाही. "देता येत न्हाई, शकिलाबी. मागं एक बाद केलेला पुतळा ढाब्यावर सापडला. कुणीतरी त्याच्या हातात मेनूकार्ड दिलतं. तवापासून नियम हाय. बाद झालेली वस्तू समितीसमोर फोडायची."

शकिला तडक वर्षाराणी मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम लातूरच्या, वय तिशीच्या आतलं, संग्रहालय ताब्यात येऊन सहा महिने झालेले. समोर फायलींचा ढीग.

"मॅडम, माझ्या अब्बाचे हात हायत ते."

मॅडमनी आधी ऐकून घेतलं. मग उठून दालनात आल्या, दोरी ओलांडली, खाली बसून उजव्या हाताकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"शकिलाताई, एक वाट आहे. उजवीकडच्या खोलीत मी तात्पुरतं प्रदर्शन लावते आहे, हातांच्या कामाचं. जानेवारी ते मार्च. त्यात हे हात घेतले तर ते बाद होत नाहीत. संग्रहात राहतात."

"आन् मार्चनंतर?"

"पेटीत, भांडारात. तुम्हाला द्यायचे का, ते संग्रहालयाचं मंडळ ठरवेल. पण फुटणार तर नाहीत."

"हाव. चालतंय. चालतंय, मॅडम."

"थांबा. समितीच्या आप्पासाहेबांनी हो म्हटलं पाहिजे. काल ते बघून म्हणाले, असले काळे-मळकट हात काचेत ठेवता? लोक काय म्हणतील?"

हात खरंच काळे होते. पंचवीस वर्षांची धूळ, किड्यांची घाण, वरून छत गळल्याचे ओघळ.

"मी साफ करते," शकिला म्हणाली.

मॅडम उभ्या राहिल्या. "रविवारी या. रामलिंगकाका हात काढून देतील, ते खुंटीवर बसवलेत. पण ऐका, फक्त कोरड्या ब्रशनं. हलक्या हातानं. धूळ निघेल तेवढी काढायची, बस."

"मॅडम," शकिला साडेतीन वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात हसली, "कलईवाल्याच्या लेकीला साफ करायला शिकवून राहिल्या तुम्ही."

रविवारी सकाळी रामलिंगनं पुतळ्याची मनगटं पिळली. आधी उजवं, मग डावं. हात निघाले. मागच्या अंगणात, नळापाशी, त्यानं जुनं पोतं अंथरलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"घे. मी चहा सांगून येतो."

शकिलानं उजवा हात उचलला. वाटला होता त्याहून जड. आणि गार. तिनं तो दोन्ही तळव्यांत धरला आणि किती तरी वेळ तशीच बसली. मग तिनं ब्रश मारला. धूळ उडाली. काळं तसंच. पुन्हा मारला. रेषांत बसलेली घाण तशीच, डागाच्या खळग्यात तर डांबरासारखी.

सोमवार उद्यावर आला होता. आप्पासाहेबांचा चेहरा तिला दिसत होता. असले काळे हात?

कोरडं घासून भांडं कधी निघालंय का?

ती उठली. दहा मिनिटांच्या अंतरावर घर. पत्र्याच्या डब्यात चाचांचा नवसागर अजून होता, खड्यासारखा घट्ट झालेला. चिंच होती. वाळू शेजारच्या बांधकामावरची. मनतशानं विचारलं, "अम्मी, कुठं?" "अब्बाकडं," ती म्हणून गेली आणि चपला न घालताच निघाली.

तिनं हात भिजवला, चिंच-नवसागराच्या पाण्यात बुडवला, वाळू घेतली आणि घासायला लागली. तसंच, अब्बांनी शिकवलं होतं तसं. कडेपासून आत, गोल गोल, दाब एकसारखा. काळं सुटलं! खाली पांढराशुभ्र तळवा. तिच्या तोंडातून आपोआप चाचांचाच शब्द निघाला, "वा रे वा!" बोटांच्या फटी. नखं. मनगट. पोत्यावरून दुधासारखं पाणी वाहत होतं. ती बोलत होती. मशीनचा पट्टा तुटला ते, मनतशा नर्सिंगच्या परीक्षेत पास झाली ते, तुम्ही गेल्यापासून चहात साखर घालायचं सोडलं ते. साडेतीन वर्षं दोरीच्या अलीकडून तिनं तोंड मिटून ठेवलं होतं. आता हात हातात होता. अंगठ्याच्या बुडाशी तिनं जास्त जोर दिला. तिथली घाण निघत नव्हती, म्हणून जास्त.

रामलिंग चहाचे दोन कप घेऊन आला आणि दारातच थांबला.

"शकिलाबी, हे पाणी पांढरं कशानं?"

"घाण निघून राहिली."

"घाण पांढरी असती का?"

ती थांबली. हात नळाखाली धरला, पदरानं पुसला, उन्हात वळवला. गुळगुळीत. साबणाच्या वडीसारखा. रेषा नाहीत. नखांच्या कडा नाहीत. तिनं अंगठ्याच्या बुडाशी बोट फिरवलं. इकडून. तिकडून. परत. परत.

"रामलिंगभाऊ, डाग कुठाय?"

रामलिंग कप तसेच धरून दोन पावलं पुढं आला.

"आत्ता हितं होता. चहा ठेवा तो, इकडं या, बघा ना तुम्ही! तुमची नजर बरी हाय. हितं, चिंचोक्याएवढा. भाऊ, बघा की!"

तो गुडघ्यावर बसला, चष्मा लावला, हात घेतला, दिला.

"ते प्लास्टर हाय ग बाई. पितळ न्हाई ते."

शकिला पोत्यावर सांडलेलं पाणी ओंजळीत गोळा करायला लागली. पांढरं पाणी, वाळू, चिंचेचा चोथा. ओंजळीतून गळत होतं आणि ती गोळा करत होती. रामलिंगनं तिला तीन वेळा हाक मारली. मग त्यानं डावा हात, ज्याला अजून पाणी लागलं नव्हतं, तो हळूच उचलून आपल्या शर्टात घातला आणि आत नेऊन ठेवला.

सोमवारी आप्पासाहेब दोन माणसं घेऊन आले. पंचाहत्तरीचे, काठी टेकत. पुतळे अंगणात आडवे ठेवले होते. घण बसायला लागला. कुंभार गेला, सुतार गेला. कलईवाल्याच्या पाळीला घणवाल्यानं रामलिंगकडं पाहिलं.

"हाणा," रामलिंग म्हणाला. "माझंच हाय. आज एकदा रिटायर होतो, जानेवारीत दुसऱ्यांदा."

दोन घावांत नाक, दात, दाढी. शकिला भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं डोळे मिटले नाहीत.

टेबलावर दोन हात. मॅडमनी रात्रभर झोप न झालेल्या आवाजात सांगितलं, "डावा मी स्वतः कोरडा साफ केलाय, सर. तो प्रदर्शनात घेऊ. उजवा..."

आप्पासाहेबांनी उजवा उचलला. "हा काय? हातमोजा दिसतोय."

"खराब झालाय, सर."

"मग बाद. ठेवा तिकडं, घणाखाली."

"न्हाई!" शकिला पुढं आली. घणवाल्यानं तो प्लास्टरचा हात उचलला होता, तिनं त्याच्या मनगटाला धरलं. "साहेब, न्हाई. पाया पडते. तुमच्या टीव्हीवर मी बोट सुद्धा लावणार न्हाई. परत ह्या दारात येणार न्हाई म्हणा. हा तेवढा फोडू नका."

"बाई, नियम आहे. एकाला सोडलं की उद्या—"

"फोडायचाच हाय ना? मग फुटला म्हणून लिवा, साहेब. फुटलाच हाय तो. मी फोडलाय. काल, वाळूनं. त्यात आता काय राहिलंय घणानं फोडायला?"

आप्पासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग हाताकडं. मग त्यांना आठवलं काय की, विचारलं, "निजामोद्दीनची तू? आमच्या घरच्या देगा तोच करायचा."

"मी घासायची."

त्यांनी कागद ओढला, उजव्या हाताच्या रकान्यात 'फुटला' असं लिहिलं, सही केली आणि काठी टेकत पुढच्या पुतळ्याकडं गेले. घणवाल्यानं हात शकिलाच्या ओच्यात ठेवला.

घरापर्यंत रामलिंग बरोबर आला. वाटेत म्हणाला, "एक सांगू? निजामचाचाचा अंगठा रेशनच्या मशीनवर कधी उमटला का? शेवटी हात असाच झालता की त्यांचा. त्याच नवसागरानं, त्याच वाळूनं. तू काय येगळं केलंस?"

"असाच नव्हता," शकिला म्हणाली. "डाग होता."

रामलिंग तिच्या दारातूनच परत फिरला.

जानेवारीत प्रदर्शन उघडलं. डावा हात काचेच्या पेटीत, खाली पिवळा दिवा. मॅडमनी चिठ्ठी नीट लिहिली होती: निजामोद्दीन, कलईगार, निलंगा. त्याखाली बारीक अक्षरात, प्रदर्शन ३१ मार्चपर्यंत. शकिला शुक्रवारी येत होती. येणार नाही म्हणाली होती, तरी. डाव्या हातावर सगळं होतं, रेषा, नखं, सांडशीचा घट्टा. त्यावर तिचं काही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी कॉलेजच्या मुली आल्या. रामलिंग निवृत्त होऊनही तिथंच असायचा, स्टुलावर. एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "काका, ह्यांचा दुसरा हात कुठाय?"

रामलिंगनं तोंड उघडलं आणि शकिलाकडं पाहिलं.

शकिलाच्या खांद्याला दुकानाची पिशवी होती. त्यात फॉलचे गुंडाळे, कात्री, आणि एका जुन्या ओढणीत तो हात. तिचा हात पिशवीत होता. त्या अर्ध्या वळलेल्या बोटांत, जिथं पूर्वी बोळा असायचा, तिथं तिची बोटं बसत होती.

"झिजला," ती म्हणाली.

"कशानं?"

"कामानं, बाई. लई काम केलं त्यानं."

मुलगी "ओह" म्हणून पुढच्या पेटीकडं गेली. शकिला चिठ्ठीवरची तारीख वाचत उभी राहिली. मॅडमना तिनं सकाळीच परत विचारलं होतं, मार्चनंतर काय. मॅडम म्हणाल्या होत्या, अर्ज पाठवलाय, मंडळाची बैठक लागली की कळेल.

तिनं पिशवीतल्या बोटांवर बोट टेकवत मोजलं. आजचा धरून सात शुक्रवार.